नानवरचा लेप

मी एक लेप बोलतोय. मी तुम्हाला दिसत नाही, आणि तुम्हीही मला फारसे आवडत नाही. तुमच्या अंगात पाणी आहे. डोळ्यांत, जिभेवर, तळहातावर, जिथे बघावं तिथे ओल. माझा जन्मच ओलीशी वैर धरण्यासाठी झाला. तेव्हा माझ्याकडून गोड बोलण्याची अपेक्षा ठेवू नका.

ताश्कंदच्या एका संशोधन संस्थेत, एका लांबट खोलीत मी जन्मलो. माझी जन्मदाती मोहिगुल. लग्न न झालेली, हळू बोलणारी, बोटांच्या टोकांची कातडी औषधांनी सोललेली. तिने स्पिरिटमध्ये एक पातळ, रंगहीन द्रव ओतला, अमोनियाचे थोडे थेंब टाकले आणि भांड्यात एक छोटं लोहचुंबक गरगर फिरत ठेवलं. त्या भोवऱ्यात माझे कण वाढले. जात वाळूचीच, पण इतके बारीक की त्यांच्यापुढे वाळूचा कण म्हणजे डोंगर. लोक त्यांना नॅनोकण म्हणतात. मग तिने दुसरं एक औषध घालून प्रत्येक कणाला तेलकट केसांचा अंगरखा चढवला. तेव्हापासून मला पाण्याचा तिटकारा आहे.

माझं काम समजून घ्यायचं असेल तर कोबीचं पान नळाखाली धरून पाहा. पाणी पानाला चिकटत नाही, गोळी होऊन घरंगळतं. पानावर मेणाचे बारीक उंचवटे असतात आणि त्यांच्यामध्ये हवा असते. थेंब उंचवट्यांच्या टोकांवर उभा राहतो, खाली उतरू शकत नाही. मीही तेच करतो. फरक एवढाच, की कोबीच्या पानातून पलीकडचं दिसावं असं कुणी म्हणत नाही. माझ्यातून दिसायला हवं होतं.

तिथेच सगळं अडत होतं. कण मोठे झाले तर पाणी छान पळायचं, पण काच दुधाळ व्हायची. कण बारीक राहिले तर काच स्वच्छ राहायची आणि पाणी तिच्यावर निवांत पसरून बसायचं. या दोन्हींच्या मधली जागा फार अरुंद होती. माझ्या आधीची किती भावंडं त्या जागेच्या अलीकडे किंवा पलीकडे पडून मेली, हे मोहिगुललाच ठाऊक.

संस्थेतल्या प्रमुखांना सगळे दोमला म्हणत, म्हणजे गुरुजी. पोट मोठं, आवाज त्याहून मोठा. त्यांना हा लेप वाळवंटातल्या सौरपट्ट्यांसाठी हवा होता. तिथे काचेवर धूळ बसते आणि धुवायला पाणी नसतं. मोहिगुलने दुधाळ काचपट्टी पुढे केली, की ते चष्मा वर सरकवून म्हणायचे, “मोहिगुलखोन, खिडकी पुसायची राहिली का?”

“दोमला, हा लेप आहे.”

“हो का? मला वाटलं, दही लावलंय. दह्यातून वीज निघत असती तर आपण संस्था कशाला काढली असती? गोठा काढला असता.”

बाकीचे हसायचे. मोहिगुल हसायची नाही. तिचे कान लाल व्हायचे आणि ती काचपट्टी घेऊन परत फिरायची.

एके दिवशी मी जमलो. तिने मला काचेवर चढवलं, भट्टीत वाळवलं आणि काच वर्तमानपत्रावर ठेवली. खालची बारीक अक्षरं जशीच्या तशी दिसली. मग तिने काचेवर चिमूटभर धूळ टाकली आणि वरून एक थेंब सोडला. थेंब गोळी होऊन धावला, वाटेतली धूळ उचलून खाली पडला आणि काच कोरडी राहिली. थेंबाला असं हाकलून देण्यात काय सुख असतं ते तुम्हाला कळणार नाही. तुम्ही पाणी पिणारी माणसं.

दोमलांनी काच उजेडाकडे धरली, थेंब पळवून पाहिला, मान हलवली. मग त्यांनी आपला जाड अंगठा माझ्यावर ठेवला आणि खसाखसा घासला. पुढचा थेंब त्या जागी सोडला, तर तो तिथेच बसून राहिला.

“मेला,” दोमला म्हणाले. “माझ्या अंगठ्याने मेला. वाळवंटात तर वाळू उडते, बाई. हा ठेवून दे. दुसरा बनव.”

मला ठेवायलाही कुणाकडे जागा नव्हती. मोहिगुलने मला फवाऱ्याच्या एका बाटलीत भरलं. टाकून द्यायला तिचा हात होईना, म्हणून पर्समध्ये घातलं, आणि मी बसमधून तिच्या घरी आलो.

घर जुन्या शहरात. मातीच्या भिंती, वर पत्र्याचं छप्पर, मध्ये अंगण, अंगणात जर्दाळूचं झाड. घरात तीन बायका होत्या आणि तिघींचं एकमेकींशी पटत नव्हतं. थोरली होसियत, मोहिगुलची आई. दुसरी मोहिगुल. तिसरी ओयदिन, मोहिगुलच्या धाकट्या भावाची, सोबिरची बायको. सोबिर रशियात इमारतींच्या कामावर गेला होता.

तो गेला तेव्हा त्याने ताज्या नानचा एक घास दातांनी तोडला होता. आमच्याकडे लांब जाणारा प्रत्येकजण तोडतो. उरलेला नान आईने दोरी ओवून बैठकीच्या भिंतीवर खिळ्याला टांगला. माणूस परत आला की त्याने तोच नान, जिथे चावलाय तिथूनच खायला सुरुवात करून संपवायचा. मग त्याचं जाणं संपलं. तोवर त्या नानला कुणी हलवायचं नाही.

मी आलो तेव्हा वसंतातला पाऊस चालू होता आणि छप्पर गळत होतं. दुसरीकडे कुठे नाही, नेमकं त्या खिळ्याच्या वर.

“ओयदिन,” आई म्हणाली, “हे हिरवं काय आहे?”

“बुरशी आहे, आई. मी म्हटलं होतं, पाऊस थांबेपर्यंत कपाटात ठेवू.”

“कपाटात? माझा मुलगा काय रजई आहे, कपाटात ठेवायला?”

“मग सडू द्यायचा का?”

“सडतोय तो तुझ्या नजरेने. नवऱ्याचा नान आहे, लक्ष नको का? माझ्या सासूने माझ्या नवऱ्याचा नान सांभाळला तेव्हा घराला छप्पर होतं की नव्हतं, मला आठवतही नाही.”

“छप्पर असणार. नसतं तर तुम्हीच सांगितलं असतं, आई. रोज.”

आईने मोर्चा मुलीकडे वळवला. मोहिगुल भिंतीला टेकून चहा पीत होती.

“आणि ही आमची शहाणी. एवढी शिकली, आणि काय शिकली, तर पाण्याशी भांडायला. एकदा आपल्या छपराशी भांड म्हणावं, म्हणजे पगार देते तिला.”

मोहिगुलने पियाला खाली ठेवला, पर्स उघडली आणि मला बाहेर काढलं.

ती स्टुलावर चढली. नान खिळ्यावरून न काढता तिने कोरड्या फडक्याने बुरशी खरवडली, केस वाळवायच्या यंत्राने त्याला गरम वारा दिला आणि मग मला फवारलं. समोरून, मागून, कडेने. स्पिरिट उडून गेलं आणि मी नानवर राहिलो. काचेवर मी नुसता पसरलो होतो. इथे तसं नव्हतं. नानची पाठ भाजलेली, टणक, तिच्यावर मी वरवर बसलो. पण जिथे सोबिरने चावलं होतं तिथे आतला मऊ भाग उघडा पडून वाळला होता, त्याला भोकं होती. त्या दातांच्या खुणांत मी सगळ्यांत खोल गेलो.

नान दिसायला होता तसाच राहिला. आईने नाक मुरडलं.

दुसऱ्या दिवशी पाऊस आला. पत्र्यातून थेंब सुटला आणि माझ्यावर आदळला. मी त्याला असा झटकला की तो उडून थेट आईच्या डोक्यावरच्या रुमालावर पडला. दुसरा आला, तोही गेला. आई खाली उभी राहून मान वर करून बघत होती.

“पळालं,” ती हळूच म्हणाली. “ओयदिन, इकडे ये. बघ कसं पळतंय.”

दुपारपर्यंत गल्लीतल्या बायका येऊन खिळ्याखाली बसल्या होत्या. आई पेल्यातलं पाणी बोटांनी उडवून सगळ्यांना दाखवत होती. “माझ्या मोहिगुलने बनवलंय. सरकार पैसे देतं तिला यासाठी.” कालपर्यंत पाण्याशी भांडणारी मुलगी आज सरकारची झाली होती. मोहिगुल दारात उभी होती. घरात कुणी आपलं कौतुक केलं तर चेहऱ्याचं काय करायचं, हे तिला माहीत नव्हतं.

सगळ्या गेल्यावर ओयदिन झाडू घेऊन खिळ्याखाली आली.

“ओपा,” ती नणंदेला म्हणाली, “हे धुतलं जातं का?”

“धुतलं गेलं असतं तर बनवलं कशाला असतं?”

“गरम पाण्यानेसुद्धा नाही?”

“नाही.”

ओयदिन काहीतरी बोलणार होती. पण मोहिगुल तोवर खोलीत गेली होती. या घरात प्रश्नाच्या मागचा प्रश्न विचारायची कुणाला सवय नव्हती.

नंतरचे दिवस माझ्या वैभवाचे होते. पाऊस हरला, चहाची वाफ हरली, कपडे धुण्याच्या दिवशी घरभर पसरणारी दमट हवा हरली. ओयदिन सकाळी अंगणात पाणी शिंपडायची, मग आत येऊन नानखाली क्षणभर उभी राहायची. एकदा ती तिथे उभी राहून रडली. ती ओल माझ्यापर्यंत पोचली नाही. पोचली असती तर तीही मी परतवली असती.

सोबिरचा फोन आधी रोज यायचा, मग शुक्रवारी, मग सणाला. गल्लीतला एकजण रशियातून परत आला आणि त्याच्या बायकोने नळावर सांगितलं, की सोबिरने तिकडचे कागद केलेत, तिकडच्याच एका बाईकडे राहतो. मोहिगुलने हे ऐकलं. ओयदिननेही ऐकलं. आईला कुणी सांगितलं नाही, म्हणून तिलाही माहीत होतं. तिघी जेवायला अंथरलेल्या एका दस्तरखानाभोवती बसायच्या आणि मिठाबद्दल बोलायच्या. शूर्व्यात, म्हणजे मटणाच्या रश्श्यात, मीठ जास्त, मीठ कमी. मिठावरून त्यांची जेवढी भांडणं झाली तेवढी दुसऱ्या कशावरूनही झाली नसतील.

खरबुजं पिकली तेव्हा सोबिर आला. फोन नाही, निरोप नाही. दुपारी फाटक ढकलून आत आला, हातात चौकड्यांची एक मोठी पिशवी. वाळला होता. आई त्याच्या गळ्यात पडली, त्याच्या पाठीवर बुक्के मारले, पुन्हा गळ्यात पडली. ओयदिन चुलीपाशी उभी होती ती तिथेच राहिली. त्याने तिच्याकडे बघितलं. तिने किटली उचलून चुलीवर ठेवली.

“आधी नान,” आई म्हणाली. “बाकीचं सगळं मग.”

तिने स्वतः स्टुलावर चढून मला खाली उतरवलं आणि दस्तरखानावर त्याच्यासमोर ठेवलं. सगळे बसले. सोबिरने नान हातात घेऊन दातांच्या खुणा पाहिल्या.

“माझेच दात हे?” तो हसला. “यातला एक आता राहिला नाही. तिकडे ओल्गिनोला कामावर पायाडावरून पडलो तेव्हा गेला.”

“पडलास? कधी पडलास?” आई म्हणाली.

“बरा झालो, आई. सोड.”

त्याने खुणेच्या जागी दात लावले. नान दगडासारखा झाला होता. त्याने ती कड पियाल्यातल्या गरम चहात बुडवली, थोडी थांबवली आणि वर काढली. नान कोरडा होता. चहाचे मणी त्याच्यावरून घरंगळत खाली पियाल्यात पडले, टपटप, एकही मागे राहिला नाही.

मी माझं काम चोख केलं होतं.

त्याने पुन्हा बुडवला. पुन्हा तेच.

“आई, हा नान आहे की बदक?” तो म्हणाला.

आईने त्याच्या हातातून नान घेऊन शूर्व्यात दाबून धरला. वर काढला तेव्हा चरबीचे पिवळे डाग माझ्या अंगाला लागले होते, कारण चरबीशी माझं वैर नाही. पण त्यातलं पाणी सगळं निथळून गेलं. आईचा चेहरा पांढरा पडला.

“नान त्याला घेत नाही,” ती म्हणाली. “घराने ओळखलं नाही माझ्या मुलाला.”

“आई, तसं काही नसतं,” सोबिर म्हणाला आणि चरबी लागलेली कड तोंडाकडे नेऊ लागला.

तेव्हा मोहिगुलने हात पुढे करून त्याचं मनगट धरलं. “खाऊ नकोस.”

“का?”

“मी त्याच्यावर लेप लावलाय. काचेसाठीचा आहे. पोटात गेला तर काय होतं, ते आम्ही तपासलेलं नाही.”

“विष लावलंस?” आई म्हणाली. “माझ्या मुलाच्या नानला तू विष लावलंस?”

“विष नाही. पण खाण्यासारखं नाही.”

“नान खायचा नाही, मग त्याचं काय करायचं? सांग ना. तू शिकलेली. तो संपला नाही तर हा पुन्हा जाणार. खिडकीत लावू का त्याला, पाऊस बघायला?”

मोहिगुलचे कान लाल झाले होते. सोबिर एकीकडून दुसरीकडे बघत होता. पाव्हण्यासारखा दिसत होता.

मग ओयदिन बोलली. ती चुलीपाशीच होती, किटली हातात धरून.

“मी विचारलं होतं तुम्हाला, ओपा. हे धुतलं जातं का. गरम पाण्याने तरी. तुम्ही नाही म्हणालात आणि आत निघून गेलात. एवढी वाळू गाळता तुम्ही, उजेड मोजता. पण हा नान एक दिवस चहात बुडवायचाय हे तुम्हाला सुचलं नाही?”

“नाही सुचलं.”

“का नाही सुचलं ते मी सांगू? खायचा नान कुणी असा करत नाही. मेलेल्या माणसाची आठवण अशी करतात, काचेत ठेवायला. तो येणार नाही हे तुम्ही धरून चालला होतात. नळावर ऐकलंत आणि धरून चाललात.”

आई म्हणाली, “ओयदिन, तोंड सांभाळ.”

“बोलू दे तिला,” मोहिगुल म्हणाली. ती ओयदिनकडे बघत नव्हती, नानकडे बघत होती. “लेप लावला तो नळावरच्या बातमीच्या आधी. पण ती म्हणते ते खरं आहे. मला वाटायचं, हा काही येत नाही. तो गेला त्याच दिवसापासून वाटत होतं. म्हणून सुचलं नाही.”

आईने दस्तरखानावर हात आपटला. पियाले उडाले. “सख्खी बहीण. जिवंत भावाबद्दल असं मनात आणतेस? आणि वर तोंडाने सांगतेस?”

“तिला बोलू नकोस, आई,” सोबिर म्हणाला. तो नान फिरवून फिरवून बघत होता. “मलाही वाटलं नव्हतं, मी येईन म्हणून.”

त्यानंतर जी शांतता झाली ती मला बरी वाटली. शांततेत ओल कमी असते.

ओयदिन चुलीपासून आली. नवऱ्यासमोर बसली. त्याच्या पियाल्यातला थंड चहा तिने ओतून टाकला आणि किटलीतून गरम चहा ओतायला लागली. आमच्याकडे पियाला अर्धाच भरतात, म्हणजे पुन्हा पुन्हा भरता येतो, माणूस बसून राहतो. ज्याने पिऊन लवकर उठावं असं वाटतं, त्याचाच पियाला काठोकाठ भरतात. ओयदिन ओतत राहिली. अर्ध्यावर थांबली नाही. चहा काठापर्यंत आला, काठावर फुगला, तेव्हा तिने किटली खाली ठेवली. आईने मान फिरवली.

सोबिर त्या पियाल्याकडे बराच वेळ बघत होता. त्याने तो उचलला नाही. उठलाही नाही. त्याने नान उलटा फिरवला, दातांच्या खुणेपासून लांबची कड दोन्ही हातांत धरली आणि जोर लावून मोडली.

“चावलेल्या जागेपासून खायचं असतं,” आई पुटपुटली.

“मी मागच्या दाराने आलोय असं समज, आई.”

नान मोडला तेव्हा मला पहिल्यांदा त्याचा आतला भाग दिसला. तिथे मी नव्हतो. तिथे पिवळसर, कोरडा ठणठणीत गाभा होता, आणि त्याला तहान होती. माझ्या इतक्या जवळ, माझ्या पाठीमागे एवढी तहान इतके महिने बसून होती आणि मला तिचा पत्ता नव्हता. मला किळस आली.

मोहिगुल पुढे सरकली. तिने त्याच्या हातातला तुकडा घेतला, वरचं कवच नखाने काळजीपूर्वक सोलून आपल्या रुमालावर ठेवलं, आतला गाभा उजेडाकडे धरून पाहिला आणि भावाच्या हातात दिला. सोबिरने तो काठोकाठ भरलेल्या पियाल्यात बुडवला. चहा पियाल्याबाहेर सांडला, थोडाच. गाभ्याने चहा ओढून घेतला. फुगला, काळसर झाला, मऊ झाला. सोबिरने तो खाल्ला. पडलेल्या दाताच्या बाजूने नाही, दुसऱ्या बाजूने.

मोहिगुलने पुढचा तुकडा सोलला. त्याने बुडवला, खाल्ला. तो चहा पीत नव्हता, फक्त गाभा बुडवत होता, आणि प्रत्येक तुकडा आपल्याबरोबर थोडा थोडा चहा घेऊन जात होता. काठ मोकळा झाला. मग चहा बोटभर खाली गेला. मग आणखी. ओयदिनची नजर पियाल्यावर होती, नवऱ्यावर नाही. चहा अर्ध्यावर आला. त्याने पुढचा तुकडा बुडवला, आणि चहा अर्ध्याच्याही खाली गेला.

ओयदिनने किटली उचलली आणि पियाल्यात ओतलं. थोडंसंच. अर्ध्यापर्यंत.

सोबिरने तिच्याकडे बघितलं नाही. त्याने बहिणीकडून पुढचा तुकडा घेतला.

गाभा संपला. चावलेली कड मात्र उरली. तिथे मी इतका खोल उतरलो होतो की सोलून काढायला काही शिल्लकच नव्हतं. ती कड आणि सगळी कवचं मोहिगुलच्या रुमालात गेली. आई म्हणाली, चिमण्यांना घालू. मोहिगुल म्हणाली, चिमण्यांनाही नको. आमच्याकडे नान जाळता येत नाही, कचऱ्यात टाकता येत नाही, पुन्हा खिळ्याला टांगला तर कुणी बाहेर गेलंय असा अर्थ होतो. रुमालाला गाठ मारून मला कोनाड्यात ठेवलं. आई महिना उलटला तरी मुलीशी बोलत नाही. जे सांगायचं असतं ते ओयदिनला सांगते, मोठ्याने, मोहिगुलला ऐकू जाईल असं.

ओयदिन मोहिगुलशी बोलते. गोड नाही, पण बोलते. एका सकाळी ती माझी बाटली घेऊन तिच्यासमोर उभी राहिली.

“ओपा, हे लागणार आहे का कुठे?”

“नाही. दोमलांना दुसरा हवाय. घासला तरी न मरणारा.”

“मग ओतून टाकते.”

“टाक.”

तिने मला अंगणात, भिंतीच्या कडेला रिकामं केलं. स्पिरिट उडालं आणि मी मातीत राहिलो. ताटाएवढी जागा. ती रोज सकाळी अंगणभर पाणी शिंपडते. सगळीकडे माती पाणी पिते आणि गडद होते, माझ्या ताटाएवढ्या जागेवर पाण्याचे मणी नाचत राहतात आणि माती खाली कोरडीच राहते. मी अजून हरलेलो नाही. पण ओयदिन रोज झाडू घेऊन तिथे येते आणि इतर अंगणापेक्षा तिथे दोन हात जास्त मारते. माझे कण थोडे थोडे निघून जातात. कालपासून एका कडेला पाणी हळूहळू आत जायला लागलंय.

सोबिर घरी आहे. त्याने पत्रा बदलला, आता छप्पर गळत नाही. तो राहणार की पुन्हा जाणार, हे अजून त्याला कुणी विचारलेलं नाही. सकाळी अंगण झाडणाऱ्या बायकोला तो दुरून बघतो आणि तिने बघितलं की पत्र्याकडे बघायला लागतो.

माझे आता फार दिवस राहिले नाहीत. तुमच्याकडे दया मागत नाही, मला ती ओलीच्या जातीची वाटते. एकच सांगतो. ज्याची कुणी वाट बघतंय अशा कशावरही मला फवारू नका. मी चांगलं-वाईट ओळखत नाही, पाऊस आणि चहा यांत फरक करत नाही, जे ओलं ते हाकलतो. मला काचेवर लावा. वाळवंटात न्या, जिथे रात्री दव पडतं आणि दिवसा धूळ उडते, जिथे कुणी कुणाच्या दाराशी येत नाही. तिथे मला माझं वैर सुखाने करू द्या.